खड्ड्यातून म्हटलेलं शिकामू

लटारू आठ वर्षांनी आफ्रिकेतल्या टांगानिकाहून परतला, तेव्हा आरमोरीजवळच्या त्याच्या गावानं त्याला दोन दिवसांत पुन्हा आपला करून टाकला. फक्त थोरल्या भावानं, पत्रूनं, केला नाही.

दोघे भाऊ आराकस. सागाचा ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, पत्रूनं वर ओंडक्यावर उभं राहायचं, लटारूनं खाली खड्ड्यात, आणि मधला लांबलचक आरा दोघांनी वरखाली ओढायचा. सेहेचाळीस साली एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं लटारूला टांगा बंदराजवळच्या लाकूडगिरणीत नेलं. भाऊ जाऊ देणार नाही, म्हणून हा न सांगताच गेला. तो तिकडे असतानाच इकडे बाप वारला. परतल्या दिवशी त्यानं ओसरीवर भावाच्या पायांना हात लावायला वाकावं, तर पत्रूनं साऱ्या मोहल्ल्यासमोर पाय बाजेवर ओढून घेतले. एकदा ओढून घेतलेल्या पायांशी पुन्हा कोणत्या तोंडानं जायचं?

मग घरातलं बोलणं रुखमावहिनीमार्फत चालू झालं. पत्रू बायकोला सांगे, त्याले म्हन, भात घे. हाताभरावर बसलेला लटारू म्हणे, वयनी, भाऊले सांगा, घेतला. दोन ताटांच्या मध्ये बसून रुखमाबाई म्हणायची, टपालवाल्याले सरकार सायकल तरी देते, मले तेही नाई.

अशात शाळेच्या छपराचा ओंडका आला आणि पत्रूचा जोडीदार झिंगू हिवतापानं अंथरुणाला खिळला. पत्रूनं चुलीकडे तोंड करून विचारलं, की पाव्हण्याला आरा धरता येतो का अजून. लटारू सकाळी खड्ड्यात उतरला.

गेरूत भिजवलेल्या सुतानं ओंडक्यावर रेघ पडली. पहिला हात ओढण्याआधी लटारू खालून म्हणाला, "शिकामू."

वर पत्रूनं नुसती आऱ्याची मूठ धरली. आरा चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, तिकडे आरा ओढायची अशीच हाक असेल. चौथ्या दिवशी दुपारी पेज घेऊन आलेल्या रुखमाबाईनं विचारलंच, हे काय म्हणता भाऊजी रोज. लटारूला तेच हवं होतं. पत्रू शेजारीच आऱ्याच्या दातांना कानस लावत बसला होता.

त्यानं वहिनीला खुलासेवार सांगितलं. त्या किनाऱ्यावर मोठं माणूस दिसलं, की लहानानं आधी हे म्हणायचं. गिरणीतला बुजुर्ग आराकस सालेह अर्थ सांगे, तुमचे पाय धरतो. कधीकाळी म्हणे चाकरानं धन्यापुढे म्हणायचा शब्द होता. पुढे इतका घरचा झाला, की आता नातू आजीला म्हणतो.

"मंग मोठा मानूस का म्हनते?"

"मरहबा. अरबांच्या गलबतातून आला तो शब्द. पोचलं, असं समजा. राग असला तरी म्हनाच लागते, वयनी. नाई म्हनलं त लहान मानूस तिथंच अडकून राह्यते."

"अन् तुमी कवापासून अडकले?"

"चार दिवस झाले."

"आठ साल म्हना," रुखमाबाई म्हणाली आणि पेजेची वाटी नवऱ्यापुढे ठेवली. कानशीचा आवाज केव्हाच थांबला होता.

पाचव्या सकाळी लटारू खड्ड्यातून म्हणाला, "शिकामू."

वर पाय हलले. थोडा भुसा खाली सांडला.

"का म्हनतेत तिथं उत्तराले?"

आजूबाजूला रुखमाबाई नव्हती. प्रश्न सरळ त्याच्याकडेच आला होता. लटारूनं डोळे पुसले; भुसा होताच.

"मरहबा."

"मरहबा," पत्रू म्हणाला, नवं लाकूड हातात जोखावं तसा. "ओढ आता."

लटारूनं ओढला नाही. "शिकामू," तो पुन्हा म्हणाला.

"आता पुन्हा काऊन?"

"हे बाबाचं, भाऊ."

पत्रू ओंडक्यावर उकिडवा बसला. बापाचा आरा त्याच्या हातात होता, मूठ घासून गुळगुळीत झालेली. मुठीवरून हात फिरवत तो हळू म्हणाला, "मरहबा." मग उठून त्यानं पहिला हात स्वतःच ओढला.

संध्याकाळी रुखमाबाई नेहमीसारखी दोन ताटांच्या मध्ये बसली. भाऊ ओंडक्यातल्या गाठीवरून एकमेकांशी हुज्जत घालत होते. तिनं निरोपाची जरा वाट पाहिली. मग आपलंही ताट वाढून घेतलं.