संध्याकाळची पोस्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो आणि तसाच उठलो, असं कितीदा झालं — म्हणून आज इथे आलोय, या जुन्या ब्लॉगवर. सात वर्षांत इथे एक ओळ लिहिली नव्हती. शेवटचा लेख शाळेच्या आवारातल्या चिंचेवर आहे. खाली चार प्रतिक्रिया, त्यातल्या दोन माझ्याच.

लिहिणं सुटलं होतं असं नाही. ते फोनवर गेलं होतं. मी घोडेगावला मराठी शिकवतो, त्यामुळे महाळुंगे पडवळच्या आमच्या भावकीत कुणाचा वाढदिवस असो नाहीतर दहावं, चार ओळी माझ्याच असायच्या. सरांनी काय लिहिलंय राव, असं कुणी म्हटलं की बरं वाटायचं. किती बरं, ते सांगायची आता लाज वाटते.

तात्या माझे चुलते. सहा वर्षांपूर्वी ते मंचरला दवाखान्यात होते. आशा नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मी उशाशी बसलो होतो — आणि काय करत होतो? त्यांच्या श्रद्धांजलीचा मजकूर फोनवर लिहीत होतो. फेटा बांधलेला फोटोसुद्धा निवडून ठेवला. तात्यांनी मान वळवून विचारलं, "काय लिव्हतो रं?" शाळेचं काम आहे, म्हणालो. लिव्ह, लिव्ह, म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन आला. तात्या गेले. मी शाळेत होतो. फोन ठेवला आणि पोस्ट टाकली. रडलो त्यानंतर. हा क्रम काही केल्या विसरता येत नाही.

आमच्याकडे बाप गेला तर सासरच्या लेकीला ते फोनवर सांगत नाहीत. तब्येत जरा जास्त झालीय, निघून ये — एवढंच. तिला काय कळत नाही? कळतं. पण दारात पोचेपर्यंत आशेला जागा राहते, तेवढ्या बळावर प्रवास होतो. तात्यांची लेक, आमची आक्का, ओतूरला दिलेली. तिलाही असंच सांगितलं होतं. दवाखान्यातलं जेवण तात्यांना जात नाही म्हणून मऊ खिचडीचा डबा घेऊन ती एसटीत बसली होती.

मला ही रीत माहीत नव्हती? माहीत होती. त्या घटकेला आठवली नाही, कारण मला पहिला व्हायचं होतं. पंधरा मिनिटांत दादाचा पुन्हा फोन — आक्का वाटेत आहे, कुणी काही टाकू नका. मी घाईघाईने पोस्ट काढून टाकली. पण तेवढ्यात दादाच्या बायकोने, मनीषावहिनीने, तोच फोटो आणि तोच मजकूर उचलून आपल्या स्टेटसला ठेवला होता. आक्काने त्यातला फोटो तेवढा नारायणगावच्या स्टँडवर पाहिला. बस बदलायला उतरली होती. एकटी.

ती सरळ घरी आली. डबा हातातच होता. वहिनी तो घ्यायला पुढे झाली, तर आक्काने हात मागे ओढला.

संध्याकाळी सगळं उरकल्यावर मी तीच पोस्ट पुन्हा टाकली. इतकं छान लिहिलेलं — वाया कसं घालवायचं?

सावडून आल्यावर सगळे ओट्यावर बसलो होतो. आक्का कुणाकडे न बघता म्हणाली, "घरी पोचस्तवर तरी माझा बाप जिता ठेवायचा व्हता." वहिनी कावरीबावरी झाली. "भावजींनी सकाळीच टाकलं व्हतं. मला वाटलं, आक्कांना कळवलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा एक 'हो' पुरला असता. मी खिशातून फोन काढला, पोस्ट उघडली आणि दादापुढे धरली. तिच्यावर वेळ संध्याकाळची होती. सकाळची मी काढून टाकलेली, आणि वहिनीचं स्टेटस एका दिवसात आपोआप गेलेलं; तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी संध्याकाळी टाकलं, वहिनी — असं म्हणालो. वर्गात बोलतो तसं, शांतपणे. दादा तिला सगळ्यांदेखत म्हणाला, चूक झाली ती झाली, वर खोटं कशाला बोलतेस? ती उठून आत गेली.

तेव्हापासून आक्का तिच्या हातचं पाणी घेत नाही. भाऊबिजेला माझ्या घरी उतरते, दादाला तिथेच बोलावून घेते. आम्हा दोघांना ओवाळते — आधी मला.

गेल्या महिन्यात वहिनीच्या मुलीचं लग्न झालं. आक्का अक्षता टाकून न जेवताच मांडवाबाहेर पडली. तिला ओतूरला मी सोडणार होतो. गाडीपाशी वहिनी आली आणि माझ्या हातात एक डबा दिला. "तुमच्या घरचं म्हणून द्या. उपाशी नको जायला त्या." बाकी काही नाही. सहा वर्षांत ती त्या पोस्टबद्दल माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, तेव्हाही बोलली नाही.

आणि मी? मी डबा तसाच दिला. आमच्या घरचं आहे म्हणालो. आक्का गाडीतच दोन पुरणपोळ्या जेवली. माझ्या बायकोच्या हाताला चव आहे म्हणाली. मी गाडी चालवत राहिलो.

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. लागू नयेच.

चिंचेच्या लेखाखालच्या उरलेल्या दोन प्रतिक्रिया आक्काच्या आहेत. मी इथे काही लिहिलं की तिच्या फोनवर आपोआप कळावं, अशी सोय तिच्या मुलाने तेव्हा करून दिली होती. ती अजून चालू आहे. आज तपासून पाहिलं. हा लेख मी काढणार नाही.

आक्का, सकाळी मीच टाकलं होतं. आणि त्या पोळ्या वहिनीच्या होत्या.