बेलपाड्याच्या फाट्यावरची डहाळी

मी पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. वॉर्डात कुणाच्या अंगात आलं की मी आधी बीपी बघते. आमच्या ठाकरवाडीत भुताखेतांच्या गोष्टी चालल्या असल्या आणि मी आले, तर 'आली शिकलेली' म्हणून सगळे गप्प होतात… तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर हसा.

माझी धाकटी बहीण बारकी खारघरला एका घरी कामाला होती, तिथेच राहायची; ते घर मी कधी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी ती नाहीशी झाली. कुणा पोराबरोबर पळाली, तिथल्या मॅडमही ते घर सोडून गेल्या — असं दादाने, आमच्या सख्ख्या भावाने, चौकशी करून सांगितलं. पोलिसांत तक्रारही त्यानेच दिली. वर म्हणाला, "खारघर मी पालथं घातलंय. तू उरनकडं बघ." मग काय! आठ महिने प्रत्येक सुट्टीला मी जासईच्या नाक्यावर नाहीतर करंजाला, मासळी सुकवणाऱ्या बायकांना तिचा फोटो दाखवत फिरले.

एका दुपारी हॉस्पिटलच्या कामासाठी खारघरला गेले. बेलपाड्याजवळ रिक्षातून उतरले, तर रस्ता फुटतो तिथे दगडाखाली कुड्याची ओली डहाळी.

आमच्या बायका रानभाजीला पुढेमागे निघतात. वाट फुटली की पुढची बाई अशी डहाळी ठेवते, शेंडा जायच्या दिशेला. मागचीने त्यावरून यायचं. बारकी शेंड्याचं एकच पान ठेवून बाकीची खुडून टाकायची, ती तिची खोड. या डहाळीलाही एकच पान होतं.

पुढच्या वळणावर दुसरी. तिसरी एका सोसायटीच्या गेटसमोर. चौथी दुसऱ्या मजल्यावर, एका दाराशी. आता लिफ्टशेजारी कुणाची रानभाजी, तुम्हीच सांगा… मी बेल दाबली आणि दार उघडणाऱ्या बाईंपुढे फोटो धरला.

"ही तर आमची बारकी," त्या म्हणाल्या. "भाऊच घेऊन गेला ना तिला? लग्न ठरलंय म्हणाला."

घर सोडून गेलेल्या मॅडम त्या ह्याच.

दादाने नाकारलंही नाही. परराज्यातल्या एका उतारवयाच्या माणसाशी त्याने तिचं लग्न लावून दिलं होतं. आणि हाच दादा माझ्या डब्यातली भाकरी खाऊन मला करंजाला सोडायला यायचा! माझ्या सख्ख्या भावाने मला वेड्यात काढलं. मी त्याचं तोंड बघत नाही.

पोलिसांनी बारकीला शोधून फोनवर बोलणं करून दिलं. मी रडत विचारलं, कुणाच्या हातून ठेवल्यास गं त्या खुणा?



"खुना कशाला ठेवीन?" ती म्हणाली. "दादा म्हनला, हे लगीन ताईनंच ठरवलंय. मी तुझी वाट बघतच नव्हते."

मग डहाळ्या कुणी ठेवल्या? मला आजही माहीत नाही. बारकी आता माझ्या खोलीवर असते. भांडी घासता घासता मधूनच विचारते, "खरंच तुला ठाव नव्हतं?" मी नाही म्हणते. तिला ते पटत नाही.