निस्ता पायाचा फोटो

उल्हासनगरच्या एका छोट्या इस्पितळात मी सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीच्या फायली बघते. जखमेतलं मेलेलं मांस कापून काढायचं, त्याला डिब्राइडमेंट म्हणतात. आमचे डॉक्टर ते सुरेख करतात आणि कागदावर लिहितात, ‘ड्रेसिंग केलं’. हात सुरीवर हलका, पेनावर जड! नुसत्या ड्रेसिंगला शस्त्रक्रियेची मंजुरी कोण देणार? मग जखमेची लांबी, रुंदी, खोली, कापलं ते कातडीपर्यंत की हाडापर्यंत, हे सगळं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आणि जखमेशेजारी मापाची कागदी पट्टी ठेवून फोटो काढायचा, हे माझं काम. अकरा वर्षं मी माणसं टाचांवरून आणि पाठींवरून ओळखत आले.

बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक म्हातारी दाखल होती. शुगर, त्यात पायाला जखम. एकदा साफ करून झाली होती, पुन्हा करायची होती. पण पहिल्या वेळी कागदावर ‘ड्रेसिंग’ पडल्यामुळे दुसरी मंजुरी अडकली. “उद्यापर्यंत नाही केलं तर पाऊल जाईल,” डॉक्टर मलाच सुनावून गेले. चोराच्या उलट्या बोंबा! मी तणतणत मोबाइल आणि पट्टी घेऊन वॉर्डात गेले.

फोटो काढायचाय, एवढंच नर्सने तिला सांगितलं होतं. म्हातारी तयार होऊन बसली होती. केस चापून विंचरलेले, ठसठशीत कुंकू, पदर नीट. पाय मात्र चादरीखाली.

“काढ बाय,” तिने हनुवटी वर केली.

“आजी, चादर बाजूला करा. पायाचा हवाय.”

“निस्ता पायाचा? माझा नाय?”

“तुमचा फाइलला लागत नाही.”

तिने चादर बाजूला केली. मी पट्टी ठेवली, फोटो काढला आणि निघाले. घाई होती हे खरं, पण आणखी एक फोटो निघणार नाही इतकी नव्हती.

डॉक्टरांना समोर बसवून जखमेची खोली लिहून घेतली. दुपारी मंजुरी आली, पाऊल वाचलं. काही दिवसांनी त्या खाटेवर दुसरंच कुणी होतं.

बदलापूरला हेंद्रेपाड्यात मी एकटी राहते. कुलूप मीच लावते, मीच उघडते. सुट्टीच्या दिवशी भाजीवाल्याशी बोलेन तेवढंच. सवय होते म्हणतात. मला नाही झाली.

अशाच एका रविवारी बाजारात मागून हाक आली, “ओ बाय!” मला तिथे कुणी हाक मारत नाही, तरी वळले. भाजीच्या जुड्यांमागे बसलेली एक बाई माझ्याकडे बघून हसत होती. काही केल्या ओळख पटेना. मग नजर खाली गेली. गोणपाटावर पसरलेला डावा पाय, टाचेशी गुलाबी, ओढलेली कातडी. त्या जखमेची लांबी-रुंदी मला अजून पाठ होती.

“वळखलंस ना?”

“हो,” म्हटलं. कशावरून, ते सांगायची लाज वाटली. मी दोन मिनिटं समोर उभी राहिले असेन, तेवढ्यात तिने माझा चेहरा लक्षात ठेवला होता.

मी मोबाइल काढला. “आजी, फोटो काढू?”

तिने आधी लुगडं ओढून पाय झाकला, पदर सारखा केला, मग हनुवटी वर केली.

“आता पाय नको घेऊस.”