काऊनबाई

आमच्या भूमितीच्या बाईंना फळ्यावर वर्तुळ काढता येत नसे. लाकडी कंपासाचं टोक गुळगुळीत फळ्यावरून घसरायचं, खडू भलतीकडेच जायचा आणि रेघेच्या दोन टोकांची गाठ पडायची नाही. बाई जरा मागं सरून आकृती पाहायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "वांगं झालं. पण याले वर्तुळ समजा." आम्ही समजायचो.

खरं तर त्या हिंदीच्या बाई. आम्ही दहावीत गेलो त्या जूनमध्ये गणिताच्या सरांना जालन्याला नोकरी लागली आणि ते गेले. चिखलीहून आत असलेल्या आमच्या गावच्या शाळेला दुसरा शिक्षक लवकर मिळेना. बीजगणित विज्ञानाच्या सरांनी घेतलं, भूमिती मात्र कुणीच अंगावर घेईना. त्या रिकाम्या तासाला आम्ही एवढा गोंगाट करायचो, की शेजारच्या वर्गात बाईंना कविता शिकवणं अवघड व्हायचं. शेवटी मुख्याध्यापकांना विचारून त्याच आमच्या वर्गावर आल्या. पुस्तक उघडून म्हणाल्या, "मले भूमिती येत नाही. तुमालेही येत नाही. पाहू, कोणाले आधी येते."

रविवारी त्या एसटीनं चिखलीला एका निवृत्त शिक्षकांकडे जायच्या, पुढचा धडा समजून घ्यायच्या आणि सोमवारी नवी साडी दाखवावी तशा हौसेनं आम्हाला सांगायच्या. भाषेच्या असल्यामुळे शब्दांवर त्यांचा फार जीव. पक्ष म्हणजे आपल्या हातात काय आहे, साध्य म्हणजे कुठं पोचायचं आहे, आणि मधली वाट म्हणजे सिद्धता, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तोवर हे तिन्ही शब्द मी नुसते पाठ करत होते.

त्या वाटेवर बाई कुणालाही घाईनं चालू देत नसत. कुणी एक पायरी सांगितली की त्या कारण विचारायच्या, "काऊन?" पुस्तकात लिहिलंय म्हणून, असं उत्तर आलं तर म्हणायच्या, "पुस्तकाले कोणी सांगितलं?" त्यामुळे मुलांनी त्यांचं नाव काऊनबाई पाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या हसल्या आणि नाव चांगलं आहे, राहू द्या, म्हणाल्या.

घरी मात्र हे सगळं ऐकून बाबा अस्वस्थ झाले. हिंदीच्या बाई भूमिती शिकवतात आणि त्यांना ती येत नाही असं स्वतःच सांगतात, हे त्यांना पटेना. बोर्डाचं वर्ष होतं. मला तिथून काढून चिखलीच्या शाळेत घालायचं त्यांनी मनात घेतलं. दाखला मागायला ते शाळेत आले, तेव्हा बाईंनी त्यांना अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, एक तास बसा. मंग न्या."

बाबा मागच्या बाकावर अवघडून बसले. त्या दिवशी अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे सिद्ध करायचं होतं. बाईंनी वांगं काढलं, व्यास काढला, परिघावरच्या बिंदूपासून व्यासाच्या दोन्ही टोकांना रेघा जोडल्या आणि तिथंच अडकल्या. खडू हातात तसाच. मला मागं वळून बाबांकडे पाहवेना. बाई आमच्याकडे वळल्या. "मी अडकली," त्या म्हणाल्या. "कोणाले वाट दिसते?"

सुनीता कधी तोंड उघडत नसे. ती उठली आणि तिनं वर्तुळाचा मध्य त्या बिंदूला जोडला. बाईंनी विचारलं, काऊन? ती त्रिज्या आहे, म्हणून दोन समद्विभुज त्रिकोण मिळतात, सुनीता म्हणाली. मग मला राहवेना. प्रत्येकातले दोन कोन सारखे, हे मी जागेवरूनच सांगितलं. मोठ्या त्रिकोणाचे तीन कोन मिळून एकशेऐंशी, त्यात हे दोन्ही कोन दोनदोनदा येतात, म्हणून वरचा कोन, म्हणजे त्या दोघांची बेरीज, एकशेऐंशीच्या निम्मा, नव्वद. बाई प्रत्येक पायरीला कारण मागत गेल्या आणि कुणी ना कुणी ते देत गेलं. शेवटी त्यांनी सगळं पुन्हा एकदा स्वतः म्हणून पाहिलं. "आता समजलं मले," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उजळला.

बाबांनी दाखला मागितला नाही. घरी जाताना म्हणाले, "बाईले येत नाही, हे खरं हाय. पण तुमाले येऊन राह्यलं."

दिवाळीनंतर गणिताचे नवे सर आले. तरुण, हुशार, एका झटक्यात गोल वर्तुळ काढणारे. आम्हाला वाटलं, बाई आता आपल्या कवितांकडे परत जातील. तशा त्या गेल्याही. पण त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन शिकायचं राहिलं होतं, म्हणून आपला तास नसेल तेव्हा वर्गात बसू द्या, अशी त्यांनी सरांना विनंती केली. सरांनी मान डोलावली.

बाई आता देऊळगाव राजाला असतात, निवृत्त आहेत, फोनवर खणखणीत बोलतात. मला मात्र त्या आठवतात त्या सुनीताच्या शेजारी बसलेल्या, उसनी कंपासपेटी घेऊन शंकूचं घनफळ काढणाऱ्या. चाचणी झाली तेव्हा त्यांनीही पेपर दिला. सरांनी तो भीत भीत तपासला आणि बाजूला घेऊन द्यायला लागले. बाईंनी तो सगळ्यांसमोर मागून घेतला. माझ्यापेक्षा कमी गुण होते आणि सुनीतापेक्षा बरेच कमी. त्यांनी ते आम्हाला दाखवले आणि एका चुकलेल्या उदाहरणावर बोट ठेवून सुनीताला म्हणाल्या, "सरक जराशी. हे मले सांग."