ताटात लिहिलेलं नाव

रघुवीर देवस्थळी बर्मिंगहॅममधल्या एका विमा कंपनीत हिशेब तपासत. निवृत्ती जवळ आली होती, पण प्रत्येक गोष्ट जमा की नावे, हे ठरल्याशिवाय त्यांना आजही चैन पडत नसे.

ते राहत तो थॉर्नबी रोड. ज्याच्या नावाचा हा रस्ता, तो थॉर्नबी साखरेच्या मळ्यांवर गुलाम राबवून गबर झाला आणि गुलामी टिकावी म्हणून पार्लमेंटात भांडला, हे शेजारच्या अबिगेलबाईंनी शोधून काढलं. कौन्सिलकडे नाव बदलून मागायचं का, हे ठरवायला रहिवाशांची सभा होती. विरोधात बोलायचं रघुवीरनी कबूल केलं होतं.

निघताना ते भाषण घोकत होते. "नाव बदलून काय होतं? रस्ता तोच, घरं तीच."

नीनाताई कोट चढवत म्हणाल्या, "हे आपल्या लग्नात का नाही म्हणालात?"

"लग्नात?"

"ताटात तांदूळ पसरून अंगठीने 'नीना' लिहिलंत तेव्हा. शाल्मली तिथेच संपली."

"अगं, ते सोयीसाठी. इथल्या लोकांच्या जिभेला शाल्मली झेपलं नसतं."

"मला विचारलंत?"

"तू हसलीस की."

"सगळेच हसत होते. नव्या नवरीने काय ताट पालथं घालायचं होतं?"

ही गोष्ट जमेला धरावी की नावे टाकावी, रघुवीरना कळेना.

सभेत अबिगेलबाई म्हणाल्या, "माझंही आडनाव थॉर्नबीच. माझ्या खापरपणजोबांना त्यांच्या मालकाने, याच थॉर्नबीने, ते चिकटवलं."

रघुवीर उभे राहिले. भाषण बाजूलाच राहिलं. "मग तुम्ही आडनावही बदलणार?"

"नाही. माझ्या आजीने ते नाव सांभाळलं. ते आता आमचं आहे. पाटीवरचं मात्र अजून त्याचंच आहे."

"नाव एकच. एक ठेवायचं नि एक काढायचं?"

"माझ्या नावाचं मी ठरवते. रस्त्याचं आपण सगळे मिळून ठरवू."

रघुवीर खाली बसले. बदलाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं, तेव्हा त्यांचाही हात वर गेला. शेजारच्या खुर्चीतले गिडियन पेणकर, मुंबईहून आलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू घरातले, मराठीत कुजबुजले, "अरे रघू, तू आपल्या बाजूचा ना?"

"होतो," रघुवीर म्हणाले. हात मात्र खाली आला नाही. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला.

परत येताना नीनाताईंनी विचारलं, "हात का वर केलात?"

"माहीत नाही. आता तुला शाल्मली म्हणू?"

"म्हणून बघा."

"शाल्मली." ते थबकले. "कोणा परक्या बाईला हाक मारल्यासारखं वाटतं."

"मलाही तसंच वाटलं."

"मग नीनाच बरं?"

"नीना तुम्ही म्हणता कधी? तुमचं आपलं 'अगं'."

रघुवीरना हे कधी सुचलंच नव्हतं. नीना म्हणायचे ते दवाखान्यातले, पोस्टमन, तिच्या ऑफिसातले. ज्यांनी ते नाव तांदळात लिहिलं, त्यांनी स्वतः ते वापरलंच नव्हतं. मग एवढा खटाटोप कोणासाठी केला?

तिला तेच विचारावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. "अगं..." म्हणाले, आणि पुढचा शब्द सापडेना.