अक्कांची दुसरी धाकली

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या बाजारात लाल भोपळ्याची फोड निवडत उभी होते. शनिवारी त्या माझ्याकडे येणार होत्या आणि भोपळ्याची मऊ भाजी त्यांच्या पोटाला बरी पडायची. पलीकडून माझे थोरले दीर, दादा, एवढंच म्हणाले, "सुमन, कौसा गेली गं… दळण निवडता निवडता भिंतीला टेकली, ती टेकलीच." हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. ज्या पोटाच्या धास्तीत आम्ही दोघींनी इतकी वर्षं काढली, त्याचा यात काही संबंधच नव्हता. भाजीवाली फोड पुढे करून उभी होती. मी ती घेतली. कोणासाठी घेतली, हे घरी येऊन विळी मांडल्यावर लक्षात आलं…

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन केदारखेड्याला आले तेव्हा मला ना धड भाकरी थापता येत होती, ना रानातलं काम. अक्का मेंढरांमागे वाढलेल्या. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर गावातली माणसं वळून बघायची. पण माझी करपलेली भाकरी त्या सासूबाईंच्या नजरेला पडू न देता स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि वर म्हणायच्या, "मला अशीच खरपूस आवडती." पुढे यांना कोर्टात नोकरी लागली, आम्ही अंबडला आलो, तरी सण असो की दुखणं असो, आधी अक्कांना विचारल्याशिवाय माझं पान हलत नव्हतं.

त्यांच्या आतड्यात गाठ निघाली ते साल आमच्या घरात कोणी विसरणार नाही. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मोठं आतडं काढलं, लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर आणलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. आता शौच त्या पिशवीतच, कायमचं. अक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. दादांनाही पोट बघू देत नव्हत्या. नर्सताईंनी पिशवी बदलायला मला शिकवलं. पहिल्यांदा ती उघडली तेव्हा गुलाबाच्या कळीएवढं लालभडक, ओलसर तोंड दिसलं. अक्कांनी डोळे गच्च मिटलेले. "कशी दिसती गं?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाकीडोळी बरी हाय." टाके दुखतील म्हणून पोटाला उशी धरून अक्का हसल्या, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. "मंग ही माझी दुसरी धाकली जाऊ. आता दोघींचीबी मर्जी सांभाळायची!" त्या दिवसापासून आमच्यात त्या तोंडाचं नाव धाकली पडलं.

धाकलीची मर्जी अवघड होती. नर्सताईंनी बजावलं होतं, घास चावून चावून खायचा. शेंगदाणे, मका, कच्च्या भाज्या, मोसंबीचा चोथा यांपासून सांभाळायचं, कारण न चावलेलं आतल्या अरुंद वाटेत अडकून बसतं. अक्कांनी वर्षभर सगळं पाळलं. पण पुढच्या थंडीत आमच्या रानात हुरडा आला. आगटीभोवती सगळे बसलेलो, गरम कणसं चोळली जात होती, लसणाची चटणी फिरत होती. अक्का नुसत्या बघत होत्या. मग हळूच हात पुढे आला. "थोडा घेते गं. हुरडा न्हाई खाल्ला तर थंडी कशाची?" एक मूठ, मग दुसरी… आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही अडवावंसं वाटलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी बहिणीच्या लग्नातल्या गमती सांगून सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं.

एरवी सकाळी उठल्यावर पिशवी भरलेली असायची. दुसऱ्या दिवशी ती सपाट, कोरडी. "धाकली रुसली वाटतं," अक्का म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. थोड्या वेळाने पोटात कळा सुरू झाल्या. कळ यायची, ओसरायची, पुन्हा यायची. पोट टरटरून फुगलं. मग पिशवीत एकदम पाणी आलं आणि आम्हाला वाटलं, सुटलं! पण ते नुसतं घाण वासाचं पाणीच होतं, दाटपणा काही नाही, आणि कळा उलट वाढलेल्या. शेजारच्या काकू एरंडेलाची वाटी घेऊन आल्या. "हे पाज, जल्दी मोकळं होईल." अक्कांनी वाटी हातात घेतलीही होती. मी म्हटलं, "थांबा अक्का, आधी विचारू."

नर्सताई फोनवर एकदम तीक्ष्ण आवाजात म्हणाल्या, "एरंडेल बिलकुल न्हाई! जुलाबाचं काहीच द्यायचं न्हाई. जेवणबी बंद. अडकलेल्याच्या कडेकडेनं पाणी सुटतं, त्याला मोकळं झालं समजू नका." धाकली सुजलीय का बघा, म्हणाल्या. सुजली होती, पिशवीचं भोक तिला काचत होतं. त्यांनी सांगितलं तसं मी नव्या पिशवीचं भोक जरा मोठं कापून लावलं. उलटी नव्हती म्हणून कोमट पाणी, चहा घोटघोट दिला, गरम पाण्याने अंघोळ घातली. मग अक्का गुडघे छातीशी घेऊन कुशीवर झाल्या आणि मी धाकलीच्या भोवतीनं हलक्या हाताने पोट चोळत बसले. "सुमन, हात नको काढूस," त्या एवढंच म्हणायच्या.

दुपारकडे त्यांना हिरवट उलटी झाली. उलटी झाली की घरी थांबायचं नाही, असं नर्सताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. दादांनी जीप आणली. जालन्याच्या वाटेवर अक्कांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ओठ सुकलेले. "मी गेले तर ह्यांला लई तिखट खाऊ देऊ नको," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "गप बसा, त्यांचं तुमचं तुम्हीच बघा." दवाखान्यात सलाईन लागलं, बारीक नळीने धाकलीच्या तोंडातून हळूहळू आत पाणी सोडून धुतलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दादा नुसते जमिनीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातून ती शिवारातली हाक आली, "सुमन ऽ ऽ! आली गं आली!" सगळ्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. पिशवीत हुरड्याचे अख्खे दाणे होते आणि अक्का सोनं सापडल्यासारख्या त्याकडे बघत होत्या. मी आत गेले तर दादा खाटेशी उभे राहून रडत होते. त्या दिवशी अक्कांनी त्यांना पहिल्यांदा धाकली दाखवली.

यानंतर अक्का बदलल्या. लपवायचं थांबलं. जुन्या सुती लुगड्यांचे अभ्रे शिवून पिशवीवर घालायच्या. नर्सताईंनी विचारून त्यांचा नंबर नव्या पेशंटांना दिला, आणि कुठल्या कुठल्या गावांहून फोन येऊ लागले. जांब समर्थकडची एक नवी सून तर रोजच बोलायची. माझ्याकडे आल्या तरी अक्का जेवता जेवता फोन घ्यायच्या आणि चारचौघांत खणखणीत आवाजात विचारायच्या, "पिशवीत काय आलं? नुसतं पाणी का दाट?" माझा मुलगा ताट घेऊन आत पळायचा.

दहाव्यानंतर दादांनी अक्कांचा फोन माझ्या हातात ठेवला. "मला न्हाई बोलता येणार. तुला ठावं हाय काय सांगायचं ते." मी तो स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवला. बंद करवत नव्हता, आणि वाजू नये असंही वाटत होतं.

गेल्या आठवड्यात वाजला. घाबरा, अनोळखी बाईमाणसाचा आवाज. "कौसाअक्का, नर्सताईंनी नंबर दिल्ता. माझ्या मालकाची पिशवी कालधरनं कोरडी हाय, लई तळमळून राह्यलेत."

अक्का आता नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "उलटी झाली का?"

"व्हय. दोन बार."

"मंग घरी बसू नका. खायला काही देऊ नका, जुलाबाचं बिलकुल न्हाई. दवाखान्यात जल्दी न्या, आणि गेल्या गेल्या सांगा, पिशवीचा पेशंट हाय, अडकलंय. भिऊ नका. सुटतं ते."

"बरं अक्का," ती म्हणाली. मी फोन परत खिडकीत ठेवला.

परवा सकाळी मी कणीक मळत होते. पुन्हा तोच फोन, आणि आता ती बाई हसत होती की रडत होती कळेना. "आली हो अक्का, आली! पिशवी भरली!" मला इतका आनंद झाला की भरल्या हातानेच मी दाराकडे वळले आणि ओरडले, "अक्काऽ, त्या बाईच्या मालकाचं सुटलं बरं का!"

बाहेरच्या खोलीत हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं.