रात्री अंगणात पडतं ते

चानण सिंग आमच्या लाकूडगिरणीत करवतीला ओंडके लावायचा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बेट ते. तिथले गोरे मुकादम आम्हा सगळ्या शिखांना ‘हिंदू’ म्हणत आणि तेवढ्या ज्ञानावर त्यांचं भागत असे. लग्नानंतर दोन महिन्यांत चानण गाव सोडून आला होता. बायका आणायची सोय नव्हती. सतरा वर्षांनी सरकारला पाझर फुटला : कागद नीट असतील तर बायको आणा.

चानणने बराकीमागे दोन खोल्या उभ्या केल्या, चूल घातली, दाराला निळा रंग दिला आणि मोहरीच्या तेलाची एक बाटली फडताळात वेगळी ठेवली. नवी सून आली की सासू उंबरठ्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर तेल ओतते, मग ती आत येते. पण आमच्या वस्तीत साठ पुरुष आणि बाई एकही नाही. ओतणार कोण?

“मी होतो सासू,” खानावळीचा आचारी लाभ सिंग म्हणाला. “छळायचा वेगळा पगारही मागणार नाही.”

“तुझी दाढी बघून भाबी उंबरठ्यावरूनच परत फिरेल,” मी म्हणालो. सगळे हसले. चानणही.

भाबी, म्हणजे चानणची बायको निहाल कौर, उंबरठ्यापर्यंत पोचलीच नाही. बंदरावरच्या अधिकाऱ्याने तिला एकच सोपा प्रश्न विचारला : नवऱ्याचं नाव काय? तिचं उत्तर कागदाशी जुळलं की झालं.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. गावात सगळ्यांना ते ठाऊकच असतं, त्यामुळे अडत नाही. अगदीच अडलं तर खुणेने सांगते. चानण म्हणजे चांदणं. ती खाली बघत म्हणाली, “रात्री अंगणात पडतं ना, ते.”

दुभाष्या पलटणीतला जुना गोरा सार्जंट होता. घोड्यांना आणि खानसाम्यांना पुरेल इतपत हिंदुस्तानी त्याला येत होती. त्याने भाषांतर केलं : हिचा नवरा रात्री अंगणात पडतो.

“दारुडा आहे का?” अधिकाऱ्याने विचारलं.

हे त्या दुभाष्यानेच बाहेर येऊन, चानणबरोबर बंदरावर थांबलेल्या आम्हाला विनोद म्हणून सांगितलं. चानण तारेच्या कुंपणाकडे धावला. “अगं, नाव घे! मी सांगतोय ना, घे नाव!”

तिने त्याचा आवाज ऐकला आणि ओढणी आणखी पुढे ओढली. आता तर तो समोरच होता. नवऱ्यासमोर त्याचं नाव कोणती बाई घेईल? पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. अधिकाऱ्याने कागदावर ‘डोक्याने अधू’ असा शेरा मारला आणि त्याच जहाजाने तिला परत पाठवलं.

चानणने नंतर खूप अर्ज केले. वेडं ठरायला एक शेरा पुरतो. शहाणं ठरवायचा शेरा कुठल्या कचेरीत मिळतो, हे त्याला कोणी सांगू शकलं नाही. त्या दोन खोल्यांत तो एकटाच राहिला. बाटलीला त्याने हात लावला नाही. एकदा खानावळीतलं तेल संपलं म्हणून लाभ सिंगने ती मागितली, तर चानण महिनाभर त्याच्याशी बोलला नाही.

पुढे न्यूमोनियाने तो गेला. गिरणीतल्या फळ्यांवरच त्याला अग्नी दिला. मी कायमचा देशी परतत होतो, म्हणून अस्थी माझ्याकडे आल्या. ती बाटलीही मी बरोबर घेतली. पंजाबात मोहरीचं तेल बाहेरून आणणारा मी पहिलाच असेन.

चानण गेल्याची तार घरी पोचली होती. त्याच्या आईला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारीला दिसत नव्हतं, सुनेची पांढरी ओढणीही नाही, आणि तेवढ्यावर ते निभावलं होतं.

मी त्याच्या घरी पोचलो, तेव्हा भाबी दारात आली. मी हातातली पिशवी मागे घेतली. “भाबी, अस्थी घरात नेत नाहीत. बाहेर झाडाला बांधतो, उद्या कीरतपूरला नदीत सोडायला घेऊन जाईन.”

“बाहेर पुष्कळ राहिले ते,” ती म्हणाली.

मी बाटली पुढे केली. कशाची, ते तिने विचारलं नाही. बूच काढलं, तेल खवट झालं होतं. तिने ते उंबरठ्याच्या एका कोपऱ्यावर ओतलं, मग दुसऱ्या.

आतून म्हातारीचा आवाज आला. “कोण आलंय गं?”

तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि शेजारच्या घरातही ऐकू जाईल असं म्हणाली, “चानण सिंग आलेत.”

“मग दारात काय ताटकळवतेस त्याला?” म्हातारी ओरडली. “आत घे.”